साठ अभ्यासक्रम आणि तीन वर्षे : कोलंबिया विद्यापीठातील भीमराव आंबेडकर

परदेशी शिक्षण ही गोष्ट आता आपल्या समाजात नवलाईची राहिलेली नाही. एके काळी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात मुलगा गेला तरी घराण्याची मान उंचावत असे. आता अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथील विद्यापीठांची नावे आपल्या घरांतून सहज उच्चारली जातात. प्रवेशपत्र आले की पेढे वाटले जातात, कर्जाची आणि व्हिसाची खटपट सुरू होते, बॅगेत काय काय भरावयाचे याची यादी तयार होते. परंतु तेथे गेल्यावर नेमके कोणते विषय शिकावयाचे आणि ते का, याची चर्चा मात्र घरात क्वचितच ऐकू येते. वास्तविक तेथील शिक्षणाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच की विषयांची निवड बरीचशी विद्यार्थ्यावर सोपविलेली असते. हे स्वातंत्र्य लाभदायक ठरते तसेच ते भांबावून टाकणारेही असते.

या स्वातंत्र्याचा उपयोग कसा करावा याचे एक अत्यंत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना परिचित आहेत. तथापि जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरलेला बावीस वर्षांचा विद्यार्थी भीमराव, त्याची खोली, त्याचे जेवण, त्याचा खर्च आणि त्याने निवडलेले विषय यांची माहिती फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

निवड नाकारलेला विद्यार्थी

भीमरावांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग प्रथम लक्षात घेतला पाहिजे. मुंबईत हायस्कुलात असताना त्यांची संस्कृत शिकण्याची फार इच्छा होती. वडील रामजी सुभेदार यांचीही तीच इच्छा होती. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीच्या मुलाला संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला आणि त्यांना फारसी भाषा घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या प्रयत्नाने केला, ही गोष्ट निराळी. ज्या विद्यार्थ्याला एक भाषा निवडण्याचीही मुभा मिळाली नव्हती, त्याच्यापुढे काही वर्षांनी एका थोर विद्यापीठाची संपूर्ण विषयसूची उघडी झाली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय त्यांच्या कोलंबियातील निवडीचे महत्त्व कळत नाही.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून त्यांना दरमहा पंचवीस रुपयांचे साहाय्य मिळाले आणि त्यांचे बी. ए. पर्यंतचे शिक्षण पार पडले. १९१३ च्या आरंभी ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, परंतु थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत, वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले आणि भीमरावांची त्यात निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सह्या झाल्या. अट अशी की ठरलेल्या अभ्यासातच वेळ घालवावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. मुदत तीन वर्षांची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड.

आम्हा व्यापाऱ्यांची दृष्टी आकड्यांकडे आधी जाते, म्हणून या रकमेचा हिशेब मांडतो. त्या काळी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. त्या हिशेबाने साडेअकरा पौंडांचे एकशे साडेबहात्तर रुपये होतात. मुंबईत ही रक्कम भरघोस ठरली असती. परंतु खर्च करावयाचा होता न्यूयॉर्कमध्ये. पौंडाला सुमारे चार डॉलर सत्त्याऐंशी सेंट या दराने त्याचे जेमतेम छप्पन्न डॉलर होत. त्यातच निवास, भोजन, कपडे, पुस्तके भागवावयाची आणि उरलेल्यातून मुंबईला पत्नी रमाबाई व कुटुंबीयांसाठी पैसे पाठवावयाचे. रुपया, पौंड आणि डॉलर यांचा परस्परसंबंध हा प्रश्न या विद्यार्थ्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी महिन्याच्या खर्चात अनुभवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मॉर्निंगसाइड हाइट्सवरील विद्यापीठ

कोलंबिया ही अमेरिकेतील अत्यंत जुन्या विद्यापीठांपैकी एक संस्था. १७५४ साली ‘किंग्ज कॉलेज’ या नावाने तिची स्थापना झाली. १८९७ मध्ये ती मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागातील मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर आली. मध्यभागी लो मेमोरियल ग्रंथालयाची भव्य घुमटाकार इमारत, समोर रुंद पायऱ्या, भोवताली वर्ग आणि वसतिगृहे अशी तिची मांडणी होती. १९०४ साली भुयारी रेल्वेचे स्थानक विद्यापीठाच्या दारात झाले आणि सारे शहर विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. निकोलस मरे बटलर हे त्या काळी विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

येथे १८८० साली जॉन बर्जेस यांच्या पुढाकाराने राज्यशास्त्राची स्वतंत्र उच्च अभ्यासशाळा सुरू झाली होती. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यव्यवहार हे विषय तेथे एकाच छत्राखाली शिकविले जात. भीमरावांनी प्रवेश घेतला तो याच शाखेत.

आपल्याकडील पद्धती आणि तेथील पद्धती यांतील फरक येथे स्पष्ट केला पाहिजे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभे राहिले. नेमलेली पुस्तके, ठरावीक विषय आणि शेवटी एक मोठी परीक्षा. आमच्या पिढीने बी. कॉम. केले तेव्हाही विषयांचा छापील कागद हाती यायचा आणि निवडण्यासारखे त्यात फारसे काही नसायचे. कोलंबियात प्रत्येक प्राध्यापक आपल्या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम जाहीर करी. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय धरावयाचा, मार्गदर्शकाशी विचारविनिमय करावयाचा आणि दर सत्राला आपले ताट आपणच वाढून घ्यावयाचे. व्याख्यानांच्या जोडीला चर्चासत्रे असत. त्यांत विद्यार्थ्याने स्वतः निबंध वाचावयाचा आणि सहाध्यायी व प्राध्यापक यांनी त्यावर प्रश्न विचारावयाचे, अशी रीत होती.

खोली, भोजन आणि दिनक्रम

वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होणार होते. आल्यावर भीमराव प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथे ते अवघा आठवडाभर राहिले. अन्न नीट शिजविलेले नसे आणि गोमांसाचे पदार्थ वारंवार असत. त्यामुळे त्यांनी ती जागा सोडली. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांची पहिली तक्रार आजही अन्नाचीच असते, हे पालकांना वेगळे सांगावयास नको. तेथून ते एकशे चौदाव्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना स्थिर जागा मिळाली आणि खोलीचा सोबती म्हणून नवल भथेना हा पारशी तरुण लाभला. ही मैत्री जन्मभर टिकली.

येथे एक गोष्ट भीमरावांना मायदेशात कधीच मिळाली नव्हती. एका मेजावर बसून जेवणे, एका ग्रंथालयात शेजारी बसून वाचणे, वर्गात उठून प्रश्न विचारणे, यांपैकी कशालाही जातीची आडकाठी नव्हती. अभ्यासाची गोडी मुळातच होती. तिला मोकळे वातावरण मिळाले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्यांच्या अठरा-अठरा तासांच्या वाचनाचे वर्णन केले आहे. नाटक-सिनेमा, चैन यांना त्या दिनक्रमात जागा नव्हती. फावल्या वेळी पाय वळत ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे. छप्पन्न डॉलरांतून वाचवून वाचवून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली. ती परत आणण्यासाठी एका परिचिताच्या स्वाधीन केली असता त्यांतील थोडीच त्यांच्या हाती आली.

त्याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते आणि तेथील भारतीय विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढू पाहत होते. भीमरावांशीही त्यांची भेट झाली. परंतु शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांना दिलेला शब्द मोडून अभ्यास सोडावयाचा नाही, अशी भूमिका या विद्यार्थ्याने घेतली. याचा अर्थ समाजाचा विचार त्याने बाजूला ठेवला होता असा नव्हे. वडिलांच्या एका स्नेह्याला न्यूयॉर्कहून लिहिलेल्या पत्रात त्याने आग्रहाने म्हटले होते की आईबाप मुलाला केवळ जन्म देतात हा समज सोडून द्यावा, ते त्याचे भवितव्यही घडवू शकतात; आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिक्षण दिले तर प्रगती कितीतरी वेगाने होईल. हे विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याचे आहेत, हे विशेष.

साठ अभ्यासक्रमांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तीन वर्षांत भीमरावांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकूण बेरीज साठ.

प्रथमदर्शनी ही यादी विस्कळीत वाटेल. तागे मोजताना जसे आडवे-उभे धागे पाहावे लागतात, तसे या यादीकडे पाहिले म्हणजे तिची वीण दिसू लागते. साठांपैकी एकोणतीस, म्हणजे निम्म्याला केवळ एक कमी, एकाच विषयाचे आहेत. पाया पक्का आहे. उरलेले एकतीस इकडचे तिकडचे वेचलेले नाहीत. देशाचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. ही व्यवस्था अशीच का घडली, हा इतिहासाचा. माणसे एकमेकांशी अशी का वागतात, हा समाजशास्त्राचा आणि मानववंशशास्त्राचा. कसे वागावयास हवे, हा तत्त्वज्ञानाचा. आणि ते कायद्याने कसे घडवून आणावे, हा राज्यशास्त्राचा. भारतातील दारिद्र्य आणि विषमता यांचे मूळ कोठे आहे, या एका शोधाच्या या सहा वाटा होत्या. फ्रेंच आणि जर्मन या त्या काळच्या संशोधनाच्या भाषा. त्यांचे प्राथमिक ज्ञान ही पुढच्या अभ्यासाची तयारी होती.

शिक्षकांची निवडही तितकीच डोळस होती. एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे आणि सार्वजनिक अर्थव्यवहाराचे जगन्मान्य पंडित. संशोधनाची पद्धत कोणती धरावी, असे भीमरावांनी त्यांना विचारले असता, मन लावून काम करीत जा, तुझी पद्धत तुला आपोआप सापडेल, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज आणि तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार मांडणारे ड्यूईंचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे भीमराव त्यांच्या वर्गात बसत होते त्याच काळात. या गुरूचा ठसा किती खोल होता, हे ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या प्रसिद्ध भाषणातील ऋणनिर्देशावरून कळते. वर्गात ड्यूई कसे बोलत, याची हुबेहूब नक्कल बाबासाहेब तीस वर्षांनंतरही करून दाखवीत, अशी आठवण सविताबाई आंबेडकर यांनी सांगितली आहे.

जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढच्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा दुसरा प्रबंध तयार झाला. परंतु मला अधिक उद्बोधक वाटते ती ९ मे १९१६ ची घटना. त्या दिवशी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमरावांनी ‘भारतातील जाती’ या विषयावर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याची रूढी हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे, असे प्रतिपादन त्यात होते. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापला गेला आणि आज जगभर अभ्यासला जातो. मानववंशशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. साठांपैकी केवळ चार अभ्यासक्रम त्या विषयाचे होते. त्या चारांतून असे चिरस्थायी लेखन जन्मास आले, कारण वर्गात शिरताना प्रश्न त्यांच्या मनात आधीच जळत होता.

पुढील वाटचाल

शिष्यवृत्तीची तीन वर्षे जून १९१६ मध्ये संपत आली. लंडन येथील अभ्यासासाठी थोडी मुदतवाढ मिळाली. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. परंतु १९१७ साली मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. सामान ज्या आगबोटीने पाठविले होते, ती शत्रूच्या पाणतीराने बुडाली. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर राहावयास जागा मिळेना. न्यूयॉर्कमध्ये ज्याला कोणी जात विचारली नव्हती, त्याला स्वदेशात जातीमुळे निवारा नाकारला गेला. ही घटना वाचताना आजही मन खिन्न होते.

तरीही अभ्यासाचा धागा तुटला नाही. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन केले. वाणिज्य शाखेच्या आम्हा पदवीधरांना या गोष्टीचा विशेष अभिमान वाटला पाहिजे. पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. लिव्हिंग्स्टन हॉलमधील त्याच सोबत्याने. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधास डी. एस्‌सी. पदवी मिळाली. कोलंबियात हाती घेतलेले प्रांतिक अर्थव्यवहाराविषयीचे संशोधन १९२५ साली ग्रंथरूपाने निघाले. त्यास सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पदवी नाही, असा कोलंबियाचा त्या वेळचा दंडक होता, त्यामुळे पीएच. डी. प्रत्यक्षात मिळाली ती १९२७ साली. चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या माजी विद्यार्थ्यास एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली.

पालकांनी आणि दात्यांनी घ्यावयाचा बोध

परिस्थिती आज पालटली आहे. परदेशी जाणाऱ्याला छप्पन्न डॉलरांत महिना काढावा लागत नाही आणि घरच्यांशी रोज बोलता येते. निवडीचे स्वातंत्र्यही आता परदेशापुरते उरलेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्या राज्यातील महाविद्यालयांतही मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक हे शब्द रूढ झाले आहेत. म्हणजे १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये भीमरावांपुढे असलेला प्रश्न आज आपल्या गावातील अठरा वर्षांच्या मुलामुलींपुढेही उभा आहे.

अशा वेळी बहुतेक घरांतून एकच सल्ला मिळतो : ज्याला बाजारात मागणी आहे ते घे. मागणीचा विचार करू नये, असे कोणता व्यापारी म्हणेल? परंतु केवळ आजची मागणी पाहून माल भरणाऱ्याची गत काय होते, हेही आपणच जाणतो. कापडाची फॅशन हंगामात बदलते. विद्या मात्र चाळीस वर्षे पुरवावयाची असते. भीमरावांनीही व्यवहार सोडला नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याची अट पाळली, मुख्य विषय भक्कम केला आणि उरलेल्या जागेत आपल्या प्रश्नाला लागणारी विद्या जिथून मिळेल तिथून घेतली. पाया एका विषयाचा आणि खिडक्या अनेक, ही मांडणी आजही अनुकरणीय आहे.

दात्यांच्या बाजूनेही विचार झाला पाहिजे. सयाजीरावांनी एका हुशार पण निराधार विद्यार्थ्यावर दरमहा साडेअकरा पौंड खर्च केले. कराराप्रमाणे दहा वर्षांची नोकरी त्यांना मिळाली नाही. त्या हिशेबाने ते खाते तोट्याचे. देशाला त्यातून काय मिळाले, ते सर्वांपुढे आहे. शिक्षणासाठी साहाय्य करणाऱ्या संस्था, ट्रस्ट आणि व्यक्ती अर्जदाराचे गुण पाहतात, घरची मिळकत पाहतात. ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास निघाला आहेस? उत्तर लगेच येणार नाही, अडखळत येईल, कदाचित पुढे बदलेलही. पण हा प्रश्न ज्या मुलाला अथवा मुलीला घरातून एकदा विचारला गेला, त्याच्या हातून विषयांची निवड अधिक विचारपूर्वक होईल, याविषयी मला शंका वाटत नाही.

आपल्या घरांतील पुढची प्रवेशपत्रे येतील तेव्हा पेढे जरूर वाटावेत. त्याच संध्याकाळी मुलांसमवेत बसून विद्यापीठाची विषयसूचीही एकदा एकत्र वाचावी, एवढीच नम्र विनंती.